अंतर तेच, तास वेगळे

मंडळी, कुठलेही दोन विमानतळ घ्या, एकमेकांपासून लांबचे. त्यांची नावं संगणकात टाकली की क्षणात दोन आकडे समोर येतात: अंतर इतके किलोमीटर, प्रवास इतके तास. लोक हे दोन्ही आकडे एका दमात वाचतात, आणि एकातून दुसरा निघतो असं धरून चालतात. आज मी एवढंच सांगायला उभा आहे की हे दोन आकडे एका घरातले नाहीत. पहिला भूमितीचा आहे. पृथ्वी आहे तोवर बदलायचा नाही. दुसरा रोज बदलतो, आणि आजचा आकडा आज संध्याकाळी पुन्हा काढावा लागतो. माझी नोकरी हा दुसरा आकडा काढण्याची होती. विमान कुठल्या वाटेनं जाणार, किती इंधन घेणार, किती वेळ लावणार हे उड्डाणाआधी ठरवणारी माणसं असतात. त्यांना आमच्यात डिस्पॅचर म्हणतात. वैमानिक सगळ्यांना दिसतो, डिस्पॅचर कुणाला दिसत नाही. असो.

आधी पहिला आकडा उरकू, कारण तो सोपा आहे आणि सुंदरही. टोकियो आणि न्यूयॉर्क घ्या. टोकियोचा हानेडा विमानतळ साडेपस्तीस अंश उत्तरेला, न्यूयॉर्कचा केनेडी साधारण पावणेएक्केचाळीस अंश उत्तरेला. म्हणजे जवळपास एकाच पातळीत. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवलीत तर रेघ पॅसिफिक महासागरावरून जवळजवळ आडवी जाईल. त्या रेघेची खरी लांबी भरते सुमारे १२,८५० किलोमीटर. आता नकाशा बाजूला ठेवा आणि पृथ्वीगोल घ्या. दोन शहरांवर बोटं ठेवून मध्ये दोरा ताणा. दोरा आपण होऊन उत्तरेला सरकेल. अलास्काच्या उत्तर टोकाशी, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, सत्तर अंश अक्षांशाच्या आसपास जाऊन मग खाली उतरेल. या दोऱ्याची लांबी सुमारे १०,८७० किलोमीटर. दोन हजार किलोमीटर वाचले, आणि तेही नकाशावर जी वाट उगाच वळसा घेतल्यासारखी दिसते तिच्यावर.

या वाटेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीचा मध्यबिंदू आणि ही दोन शहरं यांतून सुरी फिरवली तर पृष्ठभागावर जी कड उमटेल ती. तिची लांबी काढायला शाळेतली त्रिकोणमिती पुरते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि त्यांच्या रेखांशांमधला फरक घ्यायचा. आपल्या उदाहरणात तो साधारण १४६.४ अंश आहे. सूत्रात घातलं की पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन शहरांमध्ये ९७.८ अंशांचा कोन होतो असं उत्तर मिळतं. आता गंमत बघा. एका अंशात ६० मिनिटं, आणि कोनाचं एक मिनिट म्हणजे पृष्ठभागावर एक सागरी मैल. म्हणून ९७.८ ला ६० नं गुणलं की ५,८६८ सागरी मैल झाले, दुसरं काहीच करावं लागलं नाही. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. किलोमीटर इतके सोयीचे असताना विमानं आणि जहाजं अजून सागरी मैल का धरून बसली आहेत, त्याचं कारण हेच. कोनाचं अंतर आणि अंतराचा कोन करताना मध्ये दलाल लागत नाही.

पृथ्वी अगदी गोल नाही, हे तुम्ही म्हणालच. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७. एकवीस किलोमीटरचा फरक. गोल धरून काढलेलं अंतर त्यामुळे फार तर अर्धा टक्का चुकतं. थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये ही चपटी पृथ्वी धरून अंतर काढायची पद्धत दिली आणि ती मिलिमीटरपर्यंत बरोबर येते. दोन ठिकाणी त्याच दोन विमानतळांचं अंतर वीस-तीस किलोमीटरनं वेगळं दिसलं तर बहुतेक वेळा एकानं पृथ्वी गोल धरलेली असते आणि दुसऱ्यानं चपटी. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वीस किलोमीटर म्हणजे विमानाला दीड मिनिट.

तर पहिला आकडा हा असा. मिलिमीटरपर्यंत काढता येतो, आणि त्या रेघेवरून अख्खा प्रवास करणारं विमान माझ्या पाहण्यात नाही.

आता दुसरा आकडा. मोठं जेट विमान किती वेगानं उडतं? साधारण ताशी ९०० किलोमीटर, असं आपण म्हणतो. हा वेग कुठून आला? पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर हवेचं तापमान उणे पन्नास-पंचावन्नच्या घरात असतं. थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो. तिथे तो ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास भरतो. आजची लांब पल्ल्याची विमानं त्याच्या ८५ टक्के वेगानं जातात. त्याच्या पुढे रेटलं की पंखावरून जाणारी हवा जागोजागी आवाजाचा वेग ओलांडायला लागते, विरोध एकदम वाढतो आणि इंधन पाण्यासारखं जातं. म्हणून १९५८ मध्ये बोइंग ७०७ प्रवासी घेऊन उडायला लागलं तेव्हा जो वेग होता, जवळपास तोच आजही आहे. मध्ये कॉंकॉर्डनं आवाजाच्या दुप्पट वेगानं उडून दाखवलं. ७ फेब्रुवारी १९९६ ला ते न्यूयॉर्कहून लंडनला २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत पोचलं. २००३ मध्ये ती सेवा बंद झाली आणि आपण पुन्हा ८५ टक्क्यांवर आलो.

पण हा ९०० चा वेग हवेच्या तुलनेतला आहे, हे विसरायचं नाही. विमान हवेत उडतं आणि ती हवा स्वतः चालत असते. नदीतली होडी वल्ही त्याच जोरानं मारते, पण काठावरून बघणाऱ्याला ती प्रवाहाबरोबर पळताना आणि प्रवाहाविरुद्ध रखडताना दिसते, तसं. तुमचं गंतव्य जमिनीवर आहे. तेव्हा प्रवासाचे तास ठरतात ते जमिनीच्या तुलनेतल्या वेगानं.

इथे एक हिशेब तुमच्याकडूनच करून घेतो. नऊ हजार किलोमीटरचं अंतर, वेग ९००. वारा नसेल तर दहा तास. जायला दहा, यायला दहा, एकूण वीस. आता जाताना पाठीमागून ताशी १५० किलोमीटरचा वारा आहे आणि येताना तोच समोरून. एकूण किती? बहुतेक जण म्हणतात वीसच. जाताना वाचलं ते येताना गेलं. करून बघा. जाताना वेग १,०५०, म्हणजे ८ तास ३४ मिनिटं. येताना ७५०, म्हणजे बरोबर १२ तास. बेरीज २० तास ३४ मिनिटं. ही वरची ३४ मिनिटं कुठून आली? वारा अनुकूल असतो तेव्हा तुम्ही लवकर पोचता, म्हणजे त्याच्या मदतीत थोडाच वेळ राहता. प्रतिकूल असतो तेव्हा रखडता, म्हणजे त्याच्या तडाख्यात जास्त वेळ राहता. वारा घेतो जास्त आणि देतो कमी. जाऊन-येऊनच्या हिशेबात वारा कधीच फुकट नसतो, आणि ही गोष्ट नव्या डिस्पॅचरला पहिल्याच आठवड्यात कागदावर करायला लावतात.

मध्य अक्षांशांत, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे आहेत. जेट प्रवाह. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हे त्यांना नेहमीचंच, हिवाळ्यात तीनशेच्याही वर जातात. हे प्रथम पद्धतशीर मोजले वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात, तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून. फुगा वर चढत जातो, दुर्बिणीतून त्याचा कोन दर थोड्या वेळानं टिपायचा, त्यावरून वरचा वारा काढायचा. आपलं काम जगानं वाचावं म्हणून ओइशींनी १९२६ मध्ये अहवाल लिहिला तो एस्पेरान्तो भाषेत. जगाची सामाईक भाषा! अर्थातच तो फारसा कुणी वाचला नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर उंचावरून उडाली आणि त्यांच्या बॉम्बचे नेम चुकायला लागले, तेव्हा या वाऱ्याची ओळख बाकीच्यांना जरा महागात झाली.

या वाऱ्याचं जोरदार रूप फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं. अटलांटिकवर किआरा नावाचं वादळ होतं. ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून निघालं आणि ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी या वाटेला साडेसहा-सात तास धरतात. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. तेव्हा पुष्कळांनी विचारलं, मग आवाजाचा वेग ओलांडला की काय? नाही. हवेच्या तुलनेत विमान आपल्या नेहमीच्याच वेगात होतं. कपातला चहासुद्धा हलला नसेल, निदान वाऱ्याच्या वेगामुळे तरी नाही. वादळात धक्के बसतात ते वेगळ्या कारणानं.

आता मुद्द्याच्या गाभ्यापाशी येऊ. वारा एवढा जबर असेल, तर सर्वांत जवळची वाट ही सर्वांत लवकर पोचवणारी वाट असेलच असं नाही. याचं फार चांगलं उदाहरण ऑक्टोबर २०१६ मधलं आहे. एअर इंडियाची दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा आधी अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किलोमीटर. पण पश्चिमेकडे जायचं म्हणजे वारा तोंडावर. तेव्हा त्यांनी उलट दिशा धरली: पूर्वेकडे, पॅसिफिकवरून. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तासांच्या आसपास. जुन्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास कमी. भागाकार केलात तर सरासरी ताशी १,०५० किलोमीटरच्या वर येते. ७७७ विमान स्वतःच्या बळावर एवढं जात नाही. वरचे दीडशे वाऱ्याचे.

याहून मजेदार वाट न्यूयॉर्क–सिंगापूरची. १५,३०० किलोमीटरांहून थोडं अधिक. आज नियमित चालणाऱ्या, मध्ये न थांबणाऱ्या प्रवासी सेवांमध्ये सर्वांत लांबची. दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळपास १७८ अंशांचा फरक आहे, म्हणजे ती पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. त्यामुळे दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जातो. भूमिती म्हणते, ध्रुवावरून जा. पण आमच्या खोलीत भूमितीला एकच मत असतं. न्यूयॉर्कहून निघालेलं विमान पुष्कळदा अटलांटिक ओलांडून युरोपवरून सिंगापूरकडे येतं, पूर्वेकडे तोंड करून. आणि सिंगापूरहून परत जाणारं विमान पुष्कळदा पॅसिफिकवरून जातं, पुन्हा पूर्वेकडेच तोंड करून. दोन्ही वेळा वारा पाठीशी. प्रवाशाला वाटतं आपण गेलो आणि परत आलो. प्रत्यक्षात त्यानं एकाच दिशेनं पृथ्वीप्रदक्षिणा घातलेली असते, आणि तिकिटावर ते कुठेही लिहिलेलं नसतं.

मग संगणकावर दिसलेलं ते पंधरा हजार तीनशेचं अंतर कुणी कापलं? कुणीच नाही. त्या दिवशीच्या वाटेची लांबी सोळा हजारांच्या वर गेलेली असू शकते आणि तरी तीच शहाणपणाची वाट असते. आमच्या कामात एक वेगळंच अंतर वापरतात: हवेतलं अंतर. म्हणजे विमानानं हवेच्या तुलनेत किती हवा कापली. इंधन जळतं ते या अंतरावर. जमिनीवर सोळा हजार किलोमीटर सरकलेलं विमान हवेत चौदा हजारच उडालेलं असू शकतं. डिस्पॅचरच्या लेखी जवळची वाट ती, जिचं हवेतलं अंतर कमी.

आणि ही वाट रोज नवी असते. अटलांटिकवर तर दिवसातून दोनदा वाटा आखल्या जातात, वाऱ्याचा अंदाज बघून. गँडर आणि शॅनविक या दोन नियंत्रण केंद्रांकडून. युरोपकडे जाणाऱ्या रात्रीच्या विमानांना जेट प्रवाहात घुसवणाऱ्या, आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या दिवसाच्या विमानांना त्यापासून बाजूला ठेवणाऱ्या.

इथे नेहमी एक प्रश्न येतो, तो कुणी विचारायच्या आधीच घेतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला गाव सामोरं यायला हवं, ते लवकर पोचायला हवं. तसं होत नाही, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं; धावपट्टीवर उभं असतानाही ते पृथ्वीबरोबर फिरतच होतं. मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध नाही असंही नाही. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवांकडे निघाली की याच फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते, आणि त्यातूनच हे पश्चिमी वारे उभे राहतात. म्हणजे पृथ्वीचं फिरणं पश्चिमेकडे जाणाऱ्याला मदत तर करत नाहीच, उलट त्याच्या तोंडावर वारा सोडतं.

हवेच्या तुलनेत विमान जितकं हळू, तितका वाऱ्याचा हात लांब. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५ या काळात, क्वांटास कंपनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सिलोनला कॅटालिना जातीची उडती नौका, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, न्यायची. मधला मुलूख जपान्यांच्या ताब्यात, म्हणून सलग हिंदी महासागरावरून, साधारण ५,६०० किलोमीटर. रेडिओ बंद. दिशा ताऱ्यांवरून. इंधन इतकं भरावं लागे की प्रवासी जेमतेम तीन. ताशी दोनशेच्या आसपास जाणाऱ्या त्या नौकेला पन्नासचा समोरचा वारा म्हणजे पाव वेग गेला. त्यामुळे तोच प्रवास कधी २७ तासांत व्हायचा तर कधी ३२ तासांच्या वर जायचा. प्रवाशांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसायचे, आणि उतरल्यावर तसं प्रमाणपत्र मिळायचं. अंतराचे विक्रम पुढे शंभरदा मोडले. पण प्रवाशांना घेऊन न थांबता सर्वाधिक तास हवेत राहण्याचा त्यांचा विक्रम नियमित सेवांमध्ये अजून कुणी मोडलेला नाही.

वाऱ्याखालोखाल वेळ ठरवणारी गोष्ट म्हणजे खालचा देश. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, आणि त्याचा बराचसा भाग रशियावरून. फिनएअरचं विमान ही वाट साडेनऊ तासांच्या आसपास कापायचं. त्या कंपनीचा अख्खा धंदाच या जवळच्या वाटेवर उभा होता. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं. तेच दोन विमानतळ, तेच अंतर, आणि प्रवास तेरा तासांच्या घरात. विमानं उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊन जायला लागली. गंमत म्हणजे याच कंपनीनं १९८३ मध्ये, सोव्हिएत आकाश बंद असताना, ध्रुवाच्या वाटेनंच टोकियोला थेट जायला सुरुवात केली होती. चाळीस वर्षांनी जुनी फाइल पुन्हा उघडावी लागली. १९८३ च्या आधी युरोपातून जपानला जाणारी पुष्कळ विमानं अलास्कात अँकरेजला उतरून इंधन घ्यायची. त्या काळातल्या प्रवाशांना अँकरेजचा विमानतळ पाठ असायचा, शहर मात्र त्यांनी कधी पाहिलेलं नसायचं.

बाकीच्या अडचणी भराभर सांगतो. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्यावर ठरावीक वेळात कुठल्या तरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये १२० झाली, आणि आज काही विमानांना त्याहून कितीतरी जास्त परवानगी आहे. मर्यादा जितकी सैल, तितकी समुद्रावरची वाट सरळ. तिबेटवरून विमानं सहसा जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर दहा हजार फुटांपर्यंत उतरायचं असतं, प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन बारा-पंधरा मिनिटांचाच असतो, आणि तिबेटचं पठार स्वतःच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. उतरणार कुठे? ध्रुवाकडे आणखी वेगळी काळजी. तिथे बाहेरची हवा इतकी थंड असते की पंखातलं इंधन गोठण्याच्या जवळ येतं. जेट ए-१ या नेहमीच्या विमान-इंधनासाठी ती हद्द उणे ४७ अंशांची. मग वैमानिक खाली उतरतो किंवा वेग वाढवतो, हवेच्या घर्षणानं पंख थोडे तापावेत म्हणून.

इंधनाचं म्हणाल तर लांबच्या प्रवासात सर्वांत जड सामान तेच. आणि ते वाहून न्यायलाही इंधन लागतं. अठराव्या तासाला लागणारं इंधन पहिले सतरा तास ओझं म्हणून नुसतं बसलेलं असतं. म्हणून अंतर दुप्पट झालं की इंधन दुपटीहून जास्त लागतं. सिंगापूर एअरलाइन्सनं २००४ मध्ये सिंगापूर ते न्यूयॉर्कजवळचं न्यूअर्क ही थेट सेवा सुरू केली ती चार इंजिनांच्या एअरबस ए३४० नं. पुढे त्यात शंभरच जागा ठेवल्या, सगळ्या महागड्या, आणि तरी २०१३ मध्ये ती बंद करावी लागली. २०१८ मध्ये ती परत आली, दोन इंजिनांच्या ए३५० नं. टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि जागा १६१. साध्या वर्गाची एकही नाही. दोन वेळा मध्ये उतरून गेलात तर तेवढ्याच अंतराला एकूण इंधन कमी लागतं, पण उतरण्या-चढण्यात तास जातात, आणि लांबचा प्रवासी पैसे मोजतो ते तासांचे.

आता वेळापत्रकातला वेळ. त्यात लिहिलेले तास हवेतले नसतात. विमानाच्या चाकांपुढची चोक, म्हणजे चाकं अडवणारी पाचर, काढली, विमान मागे ढकललं, तिथून ते दुसऱ्या टोकाला चाकांपुढे चोक लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो: रांगेत उभं राहणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, उतरण्याआधी घिरट्या, सगळं. शिवाय त्यात थोडा जादा वेळ ठेवलेला असतो. वैमानिक कौतुकानं ‘आपण वीस मिनिटं लवकर पोचत आहोत’ अशी घोषणा करतो, तेव्हा पुष्कळदा तो जादा वेळच आपल्याला परत मिळालेला असतो. एकाच वाटेचा वेळ उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या वेळापत्रकात वेगळा दिसला तर चुकीचं छापलंय असं समजू नका. हिवाळ्यात जेट प्रवाह जोरात असतो. संगणकावर दिसणारा ढोबळ आकडा मात्र यातलं काहीच बघत नाही. तो अंतराला एका ठरावीक वेगानं भागतो आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतो. कुठल्या दिशेला जाताय, हेसुद्धा विचारत नाही. म्हणून जायचा आणि यायचा वेळ तिथे सारखाच दिसला, की समजायचं हा आकडा वाऱ्याशिवायचा आहे.

त्यात भर स्थानिक वेळेची. निघायची वेळ निघण्याच्या गावची, पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. समजा न्यूयॉर्कहून हिवाळ्यात रात्री साडेदहाला निघालात आणि अठरा तास चाळीस मिनिटांनी सिंगापूरला उतरलात. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ, ५ वाजून १० मिनिटं. सिंगापूर तेरा तास पुढे, म्हणजे तिथे तिसऱ्या दिवसाची सकाळ, ६ वाजून १० मिनिटं. तिकिटावर तारीख दोननं पुढे गेलेली दिसते आणि लोक घाबरतात. आमच्या कागदांवर स्थानिक वेळ नसतेच. सगळं एकाच जागतिक वेळेत, म्हणून वजाबाकी सरळ होते. या प्रकाराचं टोक बघायचं तर सामोआतल्या अपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला जा. अर्ध्या-पाऊण तासाचं उड्डाण. मध्ये आंतरराष्ट्रीय वार रेषा आणि दोन्हींच्या घड्याळांत बरोबर चोवीस तासांचा फरक. मंगळवारी दुपारी निघा, सोमवारी दुपारी पोचा. पूर्वी हे दोघे एकाच वारी असायचे. ऑस्ट्रेलिया–न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून सामोआनं रेषेची बाजू बदलली, आणि त्यांच्या दिनदर्शिकेत ३० डिसेंबर २०११ हा दिवसच आला नाही.

आता शेवटचा मुद्दा, सर्वांत लांबच्या जोडीचा. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास, म्हणून कुठलेही दोन विमानतळ २०,००० किलोमीटरहून फारसे लांब असूच शकत नाहीत. सिडनी–लंडन हे १७,००० आहे; क्वांटास त्याच्या थेट उड्डाणाची तयारी करते आहे, आणि त्याला वीस तासांच्या वर लागणार. त्याच्याही पुढची जोडी म्हणजे माद्रिद आणि न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. सुमारे १९,८५०. माद्रिदच्या पायाखाली सरळ भोक पाडलं तर ते वेलिंग्टनपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत बाहेर निघेल. अशा जोडीत भूमितीचं एक नवल होतं. माद्रिदहून कुठल्याही दिशेला तोंड करून निघा, उत्तरेला, पूर्वेला, दक्षिणेला, अंतर जवळपास तेच भरतं; फरक दीड-दोन टक्क्यांचा. उत्तर ध्रुवावरून चला, आशियावरून चला, अमेरिका आणि पॅसिफिकवरून चला. भूमितीला इथे मतच उरत नाही. उद्या कुणी ही सेवा सुरू केलीच, तर तिचा डिस्पॅचर अंतराचा तक्ता उघडणारही नाही. तो वाऱ्याचा नकाशा घेईल, कुणाचं आकाश बंद आहे ते बघेल, आणि सोमवारचं विमान पूर्वेला, तर गुरुवारचं कदाचित पश्चिमेला सोडेल.

प्रश्न असतील तर विचारा.